वंशावळीत बाया नव्हत्या

दादा,

तेरवी आटोपल्यावर वहिनीनं तुझा कलमांचा चाकू माझ्या हातात दिला. म्हणाली, "घेऊन जा भाऊजी. अथी रायला तं मी रोज त्याच्याकडंच पायत बसीन." मी तो अकोल्याला आणला. वाचनालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात, शाईच्या पॅडशेजारी तो पडून आहे. लाकडी मुठीवर तुझ्या अंगठ्यानं एक खोलगट जागा पाडली आहे. माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला. बसत नाही.

पेपरात द्यायचा मजकूर मीच लिहिला होता. तुझं नाव, वरूडजवळची रोपवाटिका, वय अठ्ठावन्न, मागे पत्नी, मुलगी, भाऊ. चार ओळींत सगळं मावलं. जे मावलं नाही ते आता लिहितो आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो, कारण तुला लांबण लावलेली आवडायची नाही. तुला दिलेला शब्द मी मोडला. तुझ्या मयुरीला सांगितलं. गेल्या रविवारी, माझ्या घरी, दुपारी. कसं सांगावं लागलं ते ऐक. पण त्यासाठी तुझ्या हातांपासून सुरुवात करायला हवी.

तुझे हात मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात. मी कॉलेजातून सुट्टीत यायचो तेव्हा जंभेरी लिंबाच्या खुंटांच्या रांगेत तू पुढे आणि मी मागे असे आपण बसत सरकायचो. तू सालीवर चाकूनं एक उभी, एक आडवी चीर द्यायचास, साल हलकेच उचलायचास आणि संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा आत सरकवायचास. मी मागून प्लास्टिकची पट्टी बांधायचो. मी एक पट्टी बांधेपर्यंत तुझे तीन डोळे भरून झालेले असायचे. तू मागे न पाहता म्हणायचास, "सुध्या, तू पुस्तकच बांध बाप्पा. झाडाले दम नाही तुह्याएवढा."

ज्या झाडावरून डोळे घ्यायचे त्याला कृषी खात्याच्या पुस्तकात मातृवृक्ष म्हणतात. तू त्याला नुसतं माय म्हणायचास. "ही माय चांगली हाये", "त्या मायच्या पानाकडं पाय". प्रत्येक मायच्या बुंध्याला पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर, आणि तिच्यापासून केलेल्या प्रत्येक वाफ्याला तोच नंबर. बिल्ल्यांवरचे नंबर खिळ्यानं कोरायचं काम मयुरी सहा-सात वर्षांची असल्यापासून करायची. बिल्ल्यांची पत्र्याची पेटी शेडमध्ये तुझ्या खाटेखाली असायची. त्या पेटीला तिच्याशिवाय कोणी हात लावत नसे. ही पेटी लक्षात ठेव दादा, मी परत तिच्याकडे येणार आहे.

मग एका हंगामात तू भरलेले निम्मे डोळे खुंटांना लागलेच नाहीत. तू चाकूला धार लावून आणलीस. पट्टीला दोष दिलास, मग जंभेरीच्या बियाण्याला. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. आपण चहा पीत होतो आणि तुझा डावा हात मांडीवर पडल्या पडल्या काहीतरी वेचत होता. बोटं उठायची, काहीतरी चिमटीत धरायची, सोडायची. तुझं त्याकडे लक्ष नव्हतं. मी कप खाली ठेवला. हे वेचणं मी बाराव्या वर्षी पाहिलेलं होतं, बाबांच्या हातात.

आपल्या घरात त्याला नाव नव्हतं. "हलणं" म्हणायचे. आजोबा हलले, त्यांचे भाऊ हलले, बाबा चाळिशी ओलांडताच हलले. आठवडी बाजारात बाबा वाकडे पाय टाकत निघाले की लोक बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, सकाळीच लावून आला वाटते. बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. शेवटी शेवटी ते बाजारात जायचेच बंद झाले आणि आपण दोघं भावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ही गोष्ट आपण एकमेकांशी कधी बोललो नाही. आज बोलतो. मला त्यांची लाज वाटायची. तुलाही वाटत असणार.

तुला अमरावतीला न्यायला मला आठ महिने लागले. मेंदूच्या डॉक्टर होत्या, वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी तुला रेघेवरून चालवलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. तुझी जीभ बाहेर राहीना, सापासारखी आत जायची. तू हसलास. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या वेळी घराण्याची वंशावळ काढून आणा, कोणाला काय त्रास होता ते लिहून.

माझ्या हातचं काम निघालं. भाट आपल्याकडे दर काही वर्षांनी यायचा आणि ओसरीवर बसून पोथीतली घराण्याची नावं वाचायचा. ती नावं मी कॉलेजात असताना एका वहीत उतरून घेतली होती. मी मोठा ड्रॉइंगचा कागद आणला आणि पट्टीनं सात पिढ्या काढल्या. पुरुषाला चौकोन असतो हे मी वाचलं होतं. ज्याला आजार, त्याचा चौकोन काळा भरायचा. आठ दिवस लागले. इतकं नेटकं काम मी वाचनालयासाठीही कधी केलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर पसरला. बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "सुंदर काढलंय. या घरात मुली झाल्याच नाहीत का?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू सरळ सांगितलंस, "झाल्या ना मॅडम. देऊन टाकल्या."

त्या म्हणाल्या, "दिल्या तरी रक्त सोबत जातं ना. त्यांनाही लिहा. बाईला गोल काढतात."

मी हो म्हणालो. ते केलं नाही. आळसानं नाही, दादा. मला त्या बायांची नावंच माहीत नव्हती. भाटाच्या पोथीत नव्हती, बाबांच्या तोंडी नव्हती. वाचनालयात तीस हजार पुस्तकं नोंदवलेला माणूस मी. माझ्या घराण्याच्या कागदावर मी एकाही बाईला नोंदवलं नव्हतं, आणि डॉक्टरबाईंनी विचारेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आपण दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं. निकालाआधी त्यांनी आपल्याला तासभर समजावलं. प्रत्येक माणसाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. आपल्या घरात त्या मजकुरात एका ठिकाणी तीन अक्षरांचा तोच तो शब्द फार वेळा लिहिला गेला आहे. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराला यायची शक्यता अर्धी. तू म्हणालास, "म्हणजे भजनात टाळकरी एकाच ओळीवर अडकला, तसं." त्या म्हणाल्या, अगदी तसंच. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. इंग्रजी, कुणा जुन्या डॉक्टरच्या आडनावावरून ठेवलेलं. तू विचारलंस, "त्याच्या नावावर काहून? आमच्या घरात तं त्याच्या आधीपासून हाये." तेव्हा मात्र त्या हसल्या.

तुझा निकाल आला. होता. माझा आला. नव्हता.

बाहेर येऊन मी गाडीतळाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मला तुझ्या तोंडाकडे पाहवेना. मी लग्न केलं नाही ते बाबांच्या हातांमुळे, हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मी ज्याची वाट पाहत जगलो ते माझ्याकडे येणारच नव्हतं. तू मात्र रस्ता ओलांडून गेलास आणि जिलेबी घेऊन आलास. कागदाचा पुडा तुझ्या हातात हलत होता, पाक शर्टावर सांडत होता. म्हणालास, "खाय. बाबानं मले वावर देल्लं, तुले पुस्तकं. आता हेही वाटून देल्लं. खाय म्हनतो ना. एक कलम तं साफ निघालं." मी खाल्ली. तू समोर उभा राहून, मी पूर्ण खातो की नाही ते पाहत होतास. त्या जिलेबीचे उपकार मी फेडलेले नाहीत. मी नंतर कुठेही जिलेबी खाल्ली नाही, पण ते काही फेडणं नव्हे.

वरूडच्या गाडीत तू माझा कागद मांडीवर उघडलास. बोटानं एकेक काळा चौकोन मोजलास. मग म्हणालास, "सुध्या, पाय. सारे मानसंच हायेत. एक तरी बाई हाये का?"

मी म्हणालो, "कागदावर नाही. मी लिहिल्याच नाहीत."

"आपल्यात पोरींले होतच नसन."

"दादा, डॉक्टर म्हणाल्या की मुलगा-मुलगी सारखंच."

"डॉक्टरनं आपलं खानदान पाह्यलं का? तूच काढलं ना हे? शिकेल मानसानं काढलं हाये." आणि तू कागदाची नीट घडी घातलीस. "मयुरीले सांगू नको. कधीच नको सांगू. शब्द दे."

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मी शब्द दिला. मी भांडायला हवं होतं, पण माझ्याच हातचा कागद माझ्याविरुद्ध साक्ष देत होता आणि तुझा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला होता.

नंतर मयुरी कृषी सहायक म्हणून पातूरला लागली आणि दर रविवारी माझ्याकडे जेवायला येऊ लागली. एकदा भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं, "काका, बाबांले नेमकं हाये काय?" मी म्हणालो, "कंपवात आहे." इतकं सहज म्हणालो की मलाच भीती वाटली. पुढच्या रविवारी तिनं मोबाइलवर व्यायाम शोधून आणले होते. कंपवात असलेल्यांनी चालताना ताल धरायचा, टाळ्या वाजवायच्या, जमिनीवरच्या रेघांवर पाय टाकायचे. तिनं तुझ्या शेडपासून विहिरीपर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या. सुट्टीच्या दिवशी ती तुझ्यापुढे उलटी चालायची, "एक, दोन, बाबा, टाळी," आणि तू टाळ्या वाजवत, रेघा चुकवत तिच्या मागे जायचास. तीन वर्षं. तुला माहीत होतं की हा व्यायाम दुसऱ्याच आजाराचा आहे. मलाही. मी कठड्यावर बसून पाहायचो, आणि तू जाता जाता माझ्याकडे बघायचास, ती नजर अशी असायची की बोललास तर खबरदार.

मागच्या वर्षी तिचं जमलं. मुलगा अमरावतीचा, तिनंच पाहिलेला, भला वाटतो. साखरपुड्याची बोलणी सुरू झाली आणि मी वरूडला आलो. तेव्हाचं आपलं भांडण अजून संपलेलं नाही, दादा. तू गेलास म्हणून संपलं असं मी मानत नाही.

मी तुला त्या सातव्या नंबरच्या मायची आठवण करून दिली. तिच्यापासून तू दोन हंगाम रोपं केली होतीस. मग तिची पानं पिवळी पडायला लागली, एकेक फांदी शेंड्याकडून वाळत आली. रोग डोळ्यातून पुढे गेला आहे हे तुला कळलं त्या दिवशी तू माय तोडलीस, सातव्या नंबरचे सगळे वाफे उपटून जाळलेस. एवढ्यावर थांबला नाहीस. ज्यांनी रोपं नेली होती त्यांच्या दारोदार मोटारसायकलवर गेलास आणि सांगितलंस, माझ्याकडची रोपं लावली असतील तर पाहा, पिवळं दिसलं तर उपटा, चूक माझी आहे. लोकांनी शिव्या दिल्या. तू ऐकून घेतल्यास.

मी म्हणालो, "परक्या माणसाला झाडाबद्दल घरी जाऊन सांगतोस. आणि पोटच्या पोरीला तिच्या रक्तात काय असू शकतं ते सांगत नाहीस. त्या मुलालाही नाही. उद्या त्यांना लेकरं होतील."

तुझं बोलणं तोवर जड झालं होतं, शब्द एकमेकांत अडकायचे. पण ते वाक्य तू थांबत थांबत पूर्ण केलंस. "झाडाले कळत नाही सुध्या, त्याले पुढं काय होणार हाये थे. पोरीले कळते. एकदा सांगतलं का मंग रोज कळते. हातातून चमचा पडला का कळते. तू त्रेचाळीस वर्सं जगला ना तसा? सांग, कसं वाटे?"

 उत्तराऐवजी मी वाईट बोललो. म्हणालो, "तू तिला वाचवत नाहीस. तिचं लग्न वाचवतोस." तू तोंड फिरवलंस. पुढचे चार महिने तू माझा फोन घेतला नाहीस. वहिनी फोन उचलून म्हणायची, "ते झोपले हायेत," आणि मागून तुझ्या खाटेची करकर ऐकू यायची.

त्या चार महिन्यांत मी धामणगाव रेल्वेला गेलो. बाबांना एक बहीण होती, कौसाआत्या, एवढंच मला ठाऊक होतं. मी जन्मलो त्याच वर्षी ती वारली. तिच्या नातसुनेनं मला पाटावर बसवलं आणि विचारण्याआधीच म्हणाली, "तुमी त्या घरचे का? आमच्या आजीच्या अंगात देवी यायची." दर मंगळवारी लोक तिच्या पाया पडायला यायचे म्हणे. हात असे व्हायचे, मान अशी व्हायची, सासरच्यांनी तिला मखरात बसवलं. तिची मुलगी शेवंता, तिच्या अंगातही आली. "आईचीच देवी लेकीकडं गेली," नातसून म्हणाली. शेवंता पस्तिशीत विहिरीत गेली. पडली की उतरली ते त्यांना माहीत नाही.

त्यांच्याकडे एक फोटो होता, स्टुडिओत काढलेला, कुटुंबाचा. सगळे दगडासारखे स्थिर, लेकरंसुद्धा. मध्ये कौसाआत्या बसली आहे. चेहरा थोडा पुसट, आणि मांडीवर हातांच्या जागी पांढुरका धूर. फोटोवाल्यानं भिंगावरचं झाकण काढलं तेवढ्या वेळात ते हात थांबले नव्हते.

तो फोटो मागून घेऊन मी वरूडला आलो. मी भांडण जिंकलो होतो. आई आणि लेक, दोन बाया. तुझ्या कागदी समजुतीचं मूळच त्यात उपटलं जात होतं. फोटो माझ्या पिशवीत होता. वहिनी तुला साबुदाण्याची पेज चमच्यानं भरवत होती, कारण नुसतं पाणी आता तुझ्या श्वासात जायचं. तू मला पाहिलंस आणि हात उचलायचा प्रयत्न केलास. तो भलतीकडेच गेला, वाटीवर आदळला. वहिनी म्हणाली, "पाहा, तुमाले बोलावून रायले." मी तुझ्याजवळ बसलो. पिशवी उघडली नाही. वाटलं, एवढी एक समजूत आहे या माणसापाशी, ती राहू दे. नंतर मी पाच वेळा आलो. पाचही वेळा फोटो सोबत होता.

शेवटी ते पाणीच तुझ्या छातीत गेलं. त्या दवाखान्यातल्या नऊ दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच, की गेल्यावर तुझे हात थांबले, आणि वहिनी रडायचं सोडून त्या हातांकडे बघत राहिली. झोप सोडली तर सहा वर्षांत तिनं ते थांबलेले पाहिले नव्हते.

आता रविवारचं. मयुरी जेवायच्या वेळी आली पण जेवली नाही. पिशवीतून एक घडी काढली आणि माझ्यापुढे पसरली. मी ओळखलं. माझा कागद, माझ्या पट्टीच्या रेघा, माझे चौकोन. बिल्ल्यांच्या पेटीत तळाशी होता, म्हणाली. तुझ्या नावाचा बिल्ला कोरून एखाद्या मायला बांधावा म्हणून तिनं पेटी उघडली होती.

माझ्या चौकोनांच्या मध्ये मध्ये पेन्सिलीनं काढलेले गोल होते. कुठे वाकडे, कुठे फाटलेले, कुठे कागदालाच भोक पडलेलं. बाबांच्या शेजारी एक गोल, आत काळा गिरवलेला. खाली, ओळ सोडून उतरत गेलेल्या अक्षरांत, "कौसा". तिच्याखाली आणखी एक, तोही काळा. "शेवंता".

तुला माहीत होतं. साहजिकच होतं. तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. लहानपणी बाबांबरोबर धामणगावला जात असशील, आत्याच्या मांडीवर बसला असशील, ते हात तुझ्या डोक्यावरून फिरले असतील. गाडीत तू मला विचारलंस, एक तरी बाई आहे का, तेव्हाही तुला माहीत होतं. मी वर्षभर तुझ्यापासून जो फोटो लपवला, तो तू जिवंत पाहिला होतास. तू मला समजूत दाखवत राहिलास, मी ती जपत राहिलो, आणि मध्ये ती पोरगी टाळ्या वाजवत उलटी चालत होती.

तुझ्या चौकोनाखालीही एक गोल होता. रेघ तीनदा फिरवलेली, तरी टोकं जुळलेली नव्हती. आत काही नाही. नावही नाही.

मयुरीनं त्यावर बोट ठेवलं. "हा गोल माहा का, काका?"

'कंपवात' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, दादा. सवयीनं. मी म्हणालो, "हो."

"मंग कंपवात?"

"तो नव्हता."

तिनं बोट कागदावरून उचललं. मग म्हणाली, "मी त्यायले टाळ्या वाजवाले लावल्या." आणि कागद स्वतःकडे ओढत, "कोणाकोणाले मालूम होतं?"

"तुझ्या बाबांना. मला. डॉक्टरांना. आईला फक्त एवढंच की हे घरातलं आहे."

"म्हणजे साऱ्यांले."

मी फोटो आणून दिला. सगळं सांगितलं, आत्याचं, शेवंताचं, माझ्या रक्ताचं, अर्ध्या शक्यतेचं, तुला दिलेल्या शब्दाचं.  फोटोतल्या त्या धुरावर ती अंगठा ठेवून बसली होती. "हिच्या पाया पडत होते लोक," ती म्हणाली. "आन् हिले कोणी इच्यारलं नसन, बाई, तुले काही होते का म्हणून."

मी म्हणालो, "तुझे बाबा तुझ्यासाठीच गप्प राहिले." ती उठली. "काका, आता कोणी माह्यासाठी काही ठरवू नका. त्याले सांगायचं का, कधी सांगायचं, थे मी पाहीन. तुमी नका सांगू. शब्द देता का?" हे म्हणताना ती हसली, पण ते हसू मला लागावं म्हणूनच होतं. लागलं.

मी विचारलं, "गोल त्यांनी रिकामा का ठेवला असेल असं तुला वाटतं?" मला वाटत होतं, तिला आजार आहे की नाही ते तुला माहीत नव्हतं म्हणून. ती म्हणाली, "भरायची हिंमत झाली नसन." दारात चप्पल घालताना तिनं पाठमोरी राहूनच विचारलं, "रक्त देल्यावर निकालाले किती दिवस लागतात?" मी सांगितलं. म्हणाली, "इच्यारलं फक्त." कागद ती घेऊन गेली. जिन्यावरून वर बघून म्हणाली, "नवा काढा. या टायमाले साऱ्या लिवा."

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. तू तो कागद जाळू शकला असतास. सातव्या नंबरचे वाफे जाळणाऱ्या माणसाला एक कागद जड नव्हता. तू त्यावर तसल्या हातांनी गोल काढलेस, एकेकाला किती वेळ लागला असेल, आणि तो नेमका त्या पेटीत ठेवलास जिथे तिच्याशिवाय कोणाचा हात जात नाही. मला शब्दात बांधून ठेवलंस आणि स्वतः सांगून मोकळा झालास. फक्त ती विचारेल तेव्हा समोर असण्याचं तेवढं तुझ्यानं झालं नाही. ते माझ्या वाट्याला ठेवलंस. मी रागावलो आहे, दादा. आणि या रागाखाली त्या जिलेबीची चवही आहे. दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

'कसं वाटे' या तुझ्या प्रश्नाचंही उत्तर अजून माझ्याकडे नाही. आता चमचा हातातून पडला की तिला कळेल. ते मी केलं.

आज रविवार आहे. तिचा फोन आलेला नाही, मी केलेला नाही. सकाळपासून वाचनालयातल्या माझ्या टेबलावर नवा कागद पसरून बसलो आहे. धामणगावला फोन करून शेवंताच्या मुलींची नावं घेतली, दोन आहेत, लग्नं होऊन दूर गेल्या, त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. बाबांच्या आत्या किती होत्या ते कोणालाच माहीत नाही. तिथे नावाशिवाय गोल काढले, अंदाजानं तीन. आईचाही काढला. वहिनीचाही. तुझ्या चौकोनाखालचा गोल सगळ्यात शेवटी काढला, कंपासनं, एकाच फेऱ्यात. टोकं नीट जुळली. खाली मयुरी असं लिहिलं, आणि पेन्सिल खणात ठेवून दिली, तुझ्या चाकूशेजारी.